गाडीचे नवे तोंड

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आम्हा दोघा भावांचे छोटे गॅरेज आहे. इंजिनाच्या कामात आम्ही हात घालत नाही. पत्रा ठोकणे, रंग मारणे, तुटलेला भाग काढून दुसरा बसवणे, एवढेच आमचे काम. आमच्यातला थोरला बावीस वर्षांपूर्वी दाभोळ खाडीकाठचे गाव सोडून इथे आला, धाकटा त्याच्यामागून सहा वर्षांनी. हाताखाली पेशावरकडचे एक उस्ताद डेंटर आहेत आणि दोन पोरे. जुम्म्याला गॅरेज बंद असते. त्या दिवशी गावाकडची माणसे भेटतात आणि मग गप्पांत गाड्यांचा विषय निघतोच.

आमच्याकडे येणारी बरीचशी गिऱ्हाइके एकच मागणी घेऊन येतात, “तोंड बदलून द्या.” आमच्या बोलण्यात या कामाला हेच नाव पडले आहे. गाडी जुनी, पण समोरून ती नव्या मॉडेलची दिसली पाहिजे. आखातात यासाठी सगळ्यांत जास्त येणारी गाडी म्हणजे टोयोटाची लँड क्रूझर. तिचे दोनशे नंबरचे मॉडेल 2007 साली आले आणि 2021 साली तीनशे नंबरचे येईपर्यंत तेच चालले. एवढ्या वर्षांत कंपनीने तिचे रूप दोनदा बदलले. मोठा बदल झाला तो 2016 च्या मॉडेलला. चेसिस तीच, छप्पर तेच, दरवाजेही तेच. बदलले ते पुढचे बॉनेट, दोन्ही बाजूंचे फेंडर, हेडलाइट, जाळी आणि बंपर. म्हणजे 2010 च्या गाडीचा पुढचा भाग बोल्ट सोडून उतरवायचा आणि तिथे 2016 चा भाग बसवायचा. दरवाजाशी येऊन तो बरोबर जुळतो. सहा-सात वर्षे जुनी गाडी आठवड्यात नवी दिसू लागते.

या कामात मुळात वाईट काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. ईदच्या आधी आपण घराला रंग काढतो, तसेच हे. महाडकडचे एक गृहस्थ अठरा वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवत होते. शेवटी त्यांनी स्वतःची जुनी लँड क्रूझर घेतली आणि आमच्याकडून तोंड बदलून घेतले. गाडी बाहेर काढली त्या दिवशी त्यांनी आमच्या दारात उभे राहून गावी आईला व्हिडिओ कॉल केला. म्हातारीने फोनच्या पडद्यावरच गाडीवर दुआ पढून फुंकर मारली. अशा वेळी आम्हालाही आमच्या हातच्या कामाचे बरे वाटते.

काम कसे होते, तेही थोडे सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. पहिल्या दिवशी गाडी उघडी होते. आधी बंपर निघतो, मग जाळी, मग हेडलाइटचे प्लग सोडून दिवे निघतात. फेंडर सुटतात. शेवटी दोघांनी धरून बॉनेट उतरवायचे. आता गाडीच्या पुढे उरतो तो रेडिएटर, त्याची चौकट, धडक ओळखणारे एअरबॅगचे सेन्सर आणि खालून पुढे आलेली चेसिसची दोन टोके. लँड क्रूझर शिडीसारख्या लोखंडी चेसिसवर उभी असते. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. त्या दोन तुळयांची पुढची टोके बंपरच्या मागे असतात. समोरून धडक बसली तर पहिला मोठा मार तीच घेतात. ठरल्याप्रमाणे चेपतात आणि आतल्या माणसांपर्यंत पोहोचणारा धक्का कमी करतात.

गाडी खरी कशी आहे, हे त्या एकाच दिवशी दिसते. दुसऱ्या दिवसापासून नवे भाग चढू लागतात. कंपनीचे भाग महाग. भंगारातल्या गाडीचे मूळ भाग मिळाले तर उत्तम. नाहीतर नकली भाग येतात. त्यांचा पत्रा पातळ असतो आणि बॉनेट व फेंडर यांमधली फट एका बाजूला बोटभर तर दुसऱ्या बाजूला नखभर पडते. म्हणून चांगला डेंटर रंग मारण्याआधी सगळे एकदा बसवून बघतो. जुन्या गाडीचे दिवे साधे, नवे एलईडीचे, त्यामुळे प्लग जुळत नाहीत. मधे जोडवायर घालावी लागते. मूळ वायर कापून टेप गुंडाळणारे कारागीरही आहेत. ती गाडी मग उन्हाळ्यात कधीतरी धूर काढते. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांचा झोत लावायचा आणि धुऊन चावी मालकाच्या हाती द्यायची.

2019 च्या फेब्रुवारीत आम्ही लिलावातून एक लँड क्रूझर स्वतःसाठी घेतली. स्वतःसाठी म्हणजे नीट करून विकण्यासाठी. 2010 चे मॉडेल, पांढरा रंग, तेहतीस हजार दिरहम. समोर डाव्या कोपऱ्यात मार होता. बंपर आणि फेंडर गेले होते, दिवा फुटला होता, बॉनेटला घडी पडली होती. एअरबॅग उघडल्या नव्हत्या. आम्ही हिशोब केला तो असा की, नाहीतरी हे सगळे भाग नवे घालायचेच आहेत, मग 2016 चेच घालू. खर्च थोडा जास्त, पण गाडी विकली जाईल दुपटीने लवकर.

गाडी उघडल्यावर दिसले की मार कोपऱ्यावर थांबलेला नाही. चेसिसचे डावे टोक आत वळले होते. उस्ताद खाली बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “सेठ, ये टुकडा काट के दूसरा लगाओ.” दुसऱ्या गाडीचा मूळ तुकडा आणायचा, मापाच्या चौकटीवर गाडी बांधायची आणि जाणकाराकडून वेल्डिंग करून घ्यायचे. दोन आठवडे आणि पाच-सहा हजार दिरहम. दुसरा मार्ग होता साखळी लावून ओढण्याचा. थंड लोखंड ऐकत नव्हते. गॅसने तापवून लाल केले असते तर ऐकले असते. पण असे तापवलेले लोखंड आपली मूळ ताकद गमावते. ते सरळ दिसते, पण पुन्हा धडक बसली तर कसे वागेल याचा भरवसा राहत नाही. आम्हाला हे माहीत नव्हते असे आम्ही म्हणू शकत नाही. या धंद्यात हे पोऱ्यालाही माहीत असते.

आम्ही तापवून ओढले.

तेव्हा एकमेकांना आम्ही काय सांगितले, ते आठवते. थोरला म्हणाला, टोक सरळ झाले की झाले. धाकटा म्हणाला, गाडी पासिंगला निघाली म्हणजे झाले. कोणी कोणाला अडवले नाही. टोकावर काळा रंग मारला, वर नवे तोंड चढवले आणि एप्रिलमध्ये गाडी पासिंगला निघालीसुद्धा.

खरी गोम पुढे आहे. साध्या गाडीच्या एका फेंडरचा रंग नवा दिसला की घेणारा लगेच विचारतो, इथे मार होता का? पण जिचे तोंडच बदललेले आहे, तिचे पुढचे सगळेच नवे असते. रंग नवा का, बोल्टवर पान्याच्या खुणा का, असे कोणी विचारत नाही. उत्तर आधीच दिलेले असते, “मॉडेल अपडेट केले आहे.” अपघाताची प्रत्येक खूण त्या एका वाक्याखाली लपते. आम्ही तोंड बदलले ते शोभेसाठी, असे आम्ही स्वतःलाही सांगत होतो. खरे तर ते पांघरूण होते.

एप्रिलच्या अखेरीस, रमजानला थोडे दिवस असताना, गुहागरकडचे एक चाचा गाडी बघायला आले. शाळेच्या बसगाड्यांवर देखरेखीचे काम करत. घरी चाची, तीन मुले, आणि व्हिजिट व्हिसावर आलेली वृद्ध आई. बँकेचे कर्ज मंजूर करून आले होते. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, जाळीवरून हात फिरवला. मुलकियावर 2010 लिहिलेले त्यांनी वाचले. ते आम्ही लपवले नव्हते. मग त्यांनी विचारले, “भाई, पुढे काही मार वगैरे नव्हता ना?”

आमच्यातल्या थोरल्याने उत्तर दिले, “चाचा, पुढचं तर सगळंच नवीन आहे. बघा ना.”

या वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता. चाचा हसले आणि म्हणाले, “तुम्ही आपल्याकडची माणसं, तुमच्यावर नाही भरवसा ठेवायचा तर कोणावर?” एकोणसाठ हजारांना व्यवहार झाला. आमची लागत साडेचव्वेचाळीस हजार होती. साडेचौदा हजार सुटले. त्यातून रमजानमध्ये आम्ही सदका काढला, गावी ईदचे कपडे पाठवले आणि भाबींनी घरातला फ्रीज बदलला.

त्याच दिवसांत गावी आंब्याचा हंगाम जोरात होता. अब्बांचा फोन आला तो नेहमीच्या तक्रारी घेऊन. भाव नाही, माणसे मिळत नाहीत, मोहोर गळला. बोलता बोलता ते सहज म्हणाले की वाडीतल्या एका पोराने पेटीत वर मोठे फळ लावले आणि खाली बारीक व डागी. पेटी व्यापाऱ्याकडून परत आली. आमच्या लहानपणी अब्बा पेटी भरताना आम्हाला पेंढा पसरायला बसवायचे. क्रॉफर्ड मार्केटला माल जायचा तेव्हाची ही गोष्ट. खालच्या थरात जे फळ, तेच वरच्या थरात, हा त्यांचा कायदा होता. आम्ही कधी वर चांगला दाणा रचला तर ते पेटी उलटी करायचे आणि पुन्हा भरायला लावायचे. बोलायचे काही नाहीत. फोनवरही ते आम्हाला काही शिकवत नव्हते, त्यांना गाडीची गोष्ट माहीतही नव्हती. फोन ठेवल्यावर आम्ही दोघे गप्प बसलो आणि मग दोघेही वेगवेगळ्या कामाला लागलो.

पैगंबर (स.) एकदा बाजारातून जाताना धान्याच्या ढिगाजवळ थांबले, हा प्रसंग आपल्या घराघरात सांगितला जातो. त्यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही, असे सांगितले. हा प्रसंग आम्ही मदरशात शिकलो, जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकला. ओले धान्य म्हणजे ओले धान्य, असेच इतकी वर्षे वाटत होते. त्या रमजानमध्ये तरावीहच्या नमाजीत उभे असताना पहिल्यांदा त्या ढिगाला बॉनेट दिसले. त्या विक्रेत्याने धान्य भिजवले नव्हते, पावसाने भिजवले होते. आमच्या गाडीला मारही आम्ही दिला नव्हता. पण वरचा कोरडा थर त्याने रचला होता, तसा आम्हीही रचला होता.

तरीही आम्ही चाचांना फोन केला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरे आहे. आज करू, उद्या करू असे करत ईद गेली. धाकट्याने दोनदा विषय काढला. थोरला म्हणाला, “गाडी नीट चालतेय, उगाच त्यांच्या मनात शंका कशाला?” धाकट्याला हे उत्तर पटले नाही, पण सोयीचे वाटले.

जुलैच्या अखेरीस चाचाच आले. सोबत चाची आणि धाकटी मुलगी गाडीत बसलेली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट संकोच होता. “भाई, तुम्हाला तकलीफ देतोय. गाडी जरा डावीकडे ओढते. आणि पुढचा डावा टायर बघा ना, आतून खाल्लाय.” मग म्हणाले, “बकरी ईदच्या सुट्टीत सलालाला जायचंय, अम्माला खरीफ दाखवायचाय. म्हणून म्हटलं, एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे.”

ओमानमधल्या सलालाला जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, डोंगर हिरवे होतात. आखातातली माणसे, विशेषतः आम्ही कोकणातले, ते बघायला धावतो, कारण तिथे गेल्यावर गाव आठवते. शारजापासून अंतर सुमारे 1200 किलोमीटर. त्यातला मोठा भाग सपाट वाळवंटातून जातो. रस्ता सरळ, वेग जास्त, डोळ्यांवर झापड येणारा. वाटेत उंट आडवे येतात. त्या रस्त्यावर सहा माणसांना घेऊन ही गाडी जाणार होती. दोन मोठी माणसे पुढे आणि त्यांच्यापुढे आम्ही तापवलेले लोखंड.

आम्ही एकमेकांकडे बघितले. त्या क्षणी कोणी आधी तोंड उघडले यावर आमच्यात अजून वाद आहे, आणि तो मिटवण्याची गरजही वाटत नाही. चाचांना आत बसवले, चहा मागवला आणि सगळे सांगितले. लिलाव, कोपऱ्यातला मार, उस्तादांनी दिलेला सल्ला, गॅस, साखळी, काळा रंग. उघड्या गाडीचे फोटो फोनमध्ये होते तेही दाखवले.

चाचा रागावतील, ओरडतील अशी आमची तयारी होती. ते ओरडले नाहीत. फोटो मोठा करून बघत राहिले. मग काचेतून बाहेर, गाडीत बसलेल्या मुलीकडे बघितले आणि एवढेच म्हणाले, “मी विचारलं होतं तुम्हाला.” चहा तसाच राहिला. बाहेर जाऊन त्यांनी चाचींना काहीतरी सांगितले. चाची गाडीतून उतरल्या, मुलीला उतरवले, पर्स आणि पाण्याची बाटली घेतली आणि रस्त्यापलीकडे सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे त्यांनी बघितलेसुद्धा नाही. टॅक्सी येईपर्यंतची ती दहा मिनिटे जन्मभर लक्षात राहतील.

त्या रात्री इशानंतर मशिदीतल्या एका बुजुर्ग मौलानांना आम्ही मसला विचारला. त्यांनी सरळ सांगितले की मालातला ऐब लपवून विकला असेल तर तो कळल्यावर माल परत करून पूर्ण किंमत घेण्याचा हक्क घेणाऱ्याचा आहे. याला खियार-ए-ऐब म्हणतात. माल ठेवायचा की परत करायचा, हे तो ठरवणार, तुम्ही नाही. “आणि त्याने विचारलं होतं ना?” त्यांनी पुन्हा खात्री केली. आम्ही मान हलवली. ते म्हणाले, “मग आता हिशोब करत बसू नका.”

पण हिशोब करावाच लागला, कारण एकोणसाठ हजार हातात नव्हते. गॅरेजचे भाडे भरलेले, पैसे दुसऱ्या मालात अडकलेले. थोरला म्हणाला, हप्त्याने देऊ. हे ऐकून भाबी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांची भिशी त्याच महिन्यात लागली होती. ती रक्कम त्या कपाटातून काढून ठेवत म्हणाल्या, “त्यांच्या कर्जाचा हप्ता थांबतो का तुमच्यासाठी?” उरलेले दोन मित्रांकडून उसने घेतले. चार दिवसांनी चाचांना पूर्ण रक्कम दिली. शिवाय टायरचे आणि नावावर करण्याचे एकोणीसशे दिरहम. त्यांनी मोजून घेतले, सही केली, गेले. गळाभेट झाली नाही, आणि ती व्हावी असा आमचा हक्कही नव्हता. बकरी ईदला ते सलालाला भाड्याच्या गाडीने गेले, असे नंतर कळले.

गाडी पुन्हा उघडली. यावेळी उस्तादांचे ऐकले. चेसिसचे टोक कापून मूळ तुकडा मापावर बसवला, सहा हजार लागले. मग सगळे फोटो, बिले आणि अपघाताची हकीकत समोर ठेवून गाडी विकली, एकोणपन्नास हजारांना. एकंदर व्यवहारात तीन हजार चारशेचा तोटा झाला. गावकीत बातमी पसरली ती वेगळी. काही महिने जुम्म्याला लोक आमच्याशी जपून बोलत. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून गॅरेजमध्ये एक नियम आहे. गाडी उघडली की पहिल्या दिवशीच गिऱ्हाईकाला बोलावतो. येता येत नसेल तर उघड्या गाडीचे फोटो पाठवतो, दोन्ही टोकांचे जवळून. बिलावर लिहितो की गाडीचे मूळ वर्ष हे, बदललेले भाग हे, त्यातले कंपनीचे कोणते आणि नकली कोणते. काही गिऱ्हाइके म्हणतात, “भाई, नकली लिहू नका, विकताना अडचण येते.” त्यांना आम्ही सांगतो की विकताना अडचण यावी म्हणूनच लिहितो. काही जण दुसऱ्या गॅरेजात जातात.

आपल्यापैकी कोणी अशी तोंड बदललेली गाडी घेणार असेल, इथे किंवा तिकडे, तर थोडे बघून घ्यावे. नवी जाळी बघत उभे राहू नये, खाली वाकावे. टॉर्च घेऊन बंपरच्या मागे चेसिसची दोन्ही टोके बघावीत. एक जुने-मळके आणि दुसरे ताज्या काळ्या रंगाचे असेल तर का, ते विचारावे. सुरकुती, वेल्डिंगची रेघ, तापल्याची खूण शोधावी. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. पुढचे दोन्ही टायर सारखे झिजलेत का, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते चालवून बघावे. वय कळायला सीटबेल्टच्या तळाशी शिवलेली पट्टी बघावी, तिथे बहुधा साल असते. आणि काम करणाऱ्याकडे उघड्या गाडीचे फोटो मागावेत. फोटो नसतील तर गाडी दुसऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गेल्या वर्षी चिपळूणहून भाचा आला होता. त्याच्या 2017 च्या फॉर्च्युनरला नव्या मॉडेलचे तोंड बसवायचे होते. “मामू, इथून हेडलाइट घेऊन जातो, स्वस्त पडतील.” त्याला दोन गोष्टी समजावल्या. पहिली दिव्यांची. आखातात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपल्याकडे डाव्या. दिव्याचा झोत आपापल्या देशातल्या रस्त्याच्या कडेकडे थोडा वर उचललेला असतो. इथला दिवा तिकडे लावला तर तो वर उचललेला झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार. परशुराम घाटाच्या वळणावर समोरच्याला क्षणभर दिसेनासे झाले तर काय होईल, ते त्यालाच विचारले. दुसरी गोष्ट कागदाची. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितले आहे. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारावे. रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी तेच नवे तोंड आड येते.

भाचा थोडा हिरमुसला. मग म्हणाला, “मामू, तुम्ही हेच काम करता आणि मलाच नको सांगता?”

नको सांगत नाही, म्हटले. कर, पण असे कर की गाडी कोणासमोरही उघडी करता आली पाहिजे.

चाचा पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. दोन वर्षांनी मात्र त्यांचा मेहुणा आला, जुनी गाडी विकत घेण्याआधी दाखवायला. त्याला विचारले, आमच्याकडे कोणी पाठवले? त्याने नाव सांगितले. आम्ही गाडीखाली शिरलो, तासभर सगळे बघितले आणि जे दिसले ते सांगितले, पैसे घेतले नाहीत. तो गेल्यावर भाबींना हे सांगितले तर त्या फक्त “अलहम्दुलिल्लाह” म्हणाल्या आणि ताटे वाढायला लागल्या.

अल्लाहने आमच्या रोजीत बरकत द्यावी, ही दुआ आम्ही आजही करतो. मागताना आता खालच्या थराची आठवण होते.